स्वतंत्र व्यावसायिक ग्लेनिस

टॅम्सिन फेअरहर्स्टच्या दुकानात कुत्र्यांना आंघोळ घालत नसत. तिथे कुत्र्यांना 'विसावा' देत असत. पाटीवर 'स्पा' लिहिलेलं होतं, भिंती फिकट जांभळ्या होत्या आणि त्यांच्यावर दयाळूपणा, कृतज्ञता असल्या विषयांवरची वाक्यं सोनेरी अक्षरांत रंगवलेली होती. ग्लेनिस ऑर्मरॉडने त्या वाक्यांखाली नऊ वर्षं उभं राहून कुत्र्यांच्या शेपटीखालचे केस कापले होते. त्यातलं एकही वाक्य तिने शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

ग्लेनिस चोपन्न वर्षांची, इंग्लंडातल्या त्याच फ्लीटवुड गावची. सोळाव्या वर्षापासून तिने दुसरं काही केलं नव्हतं. कुत्र्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की त्याचं कुठे दुखतंय, त्याला घरी कोण ओरडतं आणि त्याच्या मालकिणीने शेवटचा कंगवा कधी फिरवला, हे तिला कळत असे. टॅम्सिनला यातलं काहीच येत नव्हतं. ती आधी बापाच्या धंद्यात खिडक्या विकायची. मग दोन दिवसांचं कसलंसं नेतृत्वाचं शिबिर करून आली आणि बापाच्याच पैशांतून हे दुकान थाटून बसली. ओल्या कुत्र्याचा वास आला की ती अजूनही खिडकी उघडायला धावायची.

"आपण इथे मालक-नोकर असलं काही मानत नाही गं मुलींनो," ती दर सोमवारी सकाळी साडेआठच्या बैठकीत म्हणायची. "आपण एक कुटुंब आहोत."

त्या बैठकीला उशीर झाला तर ती दहा पाउंड कापून घ्यायची.

मुली म्हणजे दोघीच. एक ग्लेनिस, दुसरी बर्निस हॉगार्थ. बर्निस चाळिशीची, दोन मुलांची आई. कोणी काहीही म्हटलं तरी "बरोबर आहे" म्हणायची तिला सवय होती. दोघींना जांभळे गणवेश होते, ठरलेल्या वेळा होत्या, सुट्टीसाठी तीन आठवडे आधी भरायचा अर्ज होता. मात्र कागदोपत्री टॅम्सिनकडे नोकर म्हणून कोणीच नव्हतं. कागदोपत्री त्या दोघी 'स्वतंत्र व्यावसायिक' होत्या. आपापल्या धंद्याच्या धनिणी, ज्या योगायोगाने रोज साडेआठला टॅम्सिनच्या दारात हजर व्हायच्या. केस कापलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे त्यांना पंचेचाळीस टक्के मिळत, त्यातून टेबलाचं भाडं वजा होई. कुत्रा आला नाही तर काहीच नाही. भरपगारी सुट्टी नाही, आजारपणाचे पैसे नाहीत. कात्र्या स्वतःच्या, त्यांना धार लावायचा खर्चही स्वतःचा. गिऱ्हाईक मात्र टॅम्सिनचं.

ग्लेनिसला हे सगळं नऊ वर्षं ठाऊक होतं आणि नऊ वर्षं तिने ते गिळलं होतं. टॅम्सिनचा तिरस्कार करणं तिला इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते करताना कामाचा वेग कमी होत नसे.

मग फेब्रुवारीत ओटिस आला.

ओटिस हा लॅब्रडूडल जातीचा मोठा तपकिरी कुत्रा. मालकीण मिसेस लॅथम. त्याच्या अंगाला वर्षभर कंगवा लागला नव्हता. केसांचा एकजीव नमदा झाला होता, इतका घट्ट की पाय नीट उचलता येत नव्हते.

"त्याला ब्रश आवडत नाही हो," मिसेस लॅथम म्हणाल्या. "आम्ही त्याच्या इच्छेचा मान ठेवतो."

त्या गेल्यावर ग्लेनिसने टॅम्सिनला बोलावलं. "हा मुळापासून भादरावा लागेल. दुसरा उपाय नाही."

"मी त्यांना टेडीसारखा कट कबूल केलाय."

"कबूल तू केलायस, कातडी त्याची आहे. हा गुंता सोडवायचा म्हणजे त्याला चार तास सोलायचं."

"ग्लेनिस, इथे आपण ग्राहकाला नाही म्हणत नाही." टॅम्सिनने खांद्यावर हात ठेवला. शिबिरात तसं शिकवलं असावं. "हळुवार कर. तू करशील. माझा विश्वास आहे."

ग्लेनिसने केलं. त्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. दीड तास कुत्रा थरथरत उभा राहिला, मग मागच्या मांडीजवळचा गुंता ओढला गेला आणि त्याने मान वळवून तिच्या उजव्या हाताचा, अंगठ्याच्या बुडाशी, हाडापर्यंत चावा घेतला. ग्लेनिसने कुत्र्याला दोष दिला नाही. त्याच्या जागी ती असती तर तिने कितीतरी आधी चावा घेतला असता, आणि तो योग्य माणसाला घेतला असता.

नऊ टाके पडले. तीन आठवडे हात वापरायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी टॅम्सिनचा निरोप आला. आधी बदामाची पाच चिन्हं, मग मजकूर. लवकर बरी हो, आम्हा सगळ्यांचं तुझ्यावर प्रेम आहे. स्वतंत्र व्यावसायिक आपला विमा आपण काढतात हे तुला माहीत असेलच. मिसेस लॅथमना पैसे परत करावे लागले, तेव्हा त्यातला तुझा वाटा पुढच्या हिशेबात वळता करते. आणि हो, टेबल तुझ्या नावावर राखून ठेवलंय, त्यामुळे भाडं चालू राहील.

ग्लेनिसने फोन डाव्या हातात धरून निरोप दोनदा वाचला. राग आला नाही. रागासाठी समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते.

दुसऱ्या दिवशी ती हेस्टर क्रॅगकडे गेली. हेस्टर एकाहत्तर वर्षांची, ग्लेनिसला कात्री धरायला शिकवणारी. चाळीस वर्षं धंदा करून आता घरी बेडलिंग्टन कुत्रे पाळायची आणि डॉक्टरांना चिडवण्यासाठी सिगारेटी ओढायची. तिने चहा ओतला आणि करार मागितला.

"कुठला करार?"

"तू सही केलीस तो कागद. की तोही तिने कुत्र्याच्या केसांत झाडून टाकला?"

कागद ग्लेनिसच्या पर्समध्ये होता. हेस्टरने तो दिव्याखाली धरला आणि थोड्या वेळाने तिला हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला.

"अगं, इथे लिहिलंय, तू तुझ्या वेळेला ये, तुझ्या वेळेला जा."

"काहीतरीच."

"कलम चार. काम नाकारायचा अधिकारही आहे तुला. आणि हे बघ, कलम सात. तुझ्या मनात आलं तर तुझ्या जागी दुसरी लायक बाई पाठव, कंपनीची हरकत नाही."

"हे टॅम्सिनने लिहिलंय?"

"ती कसली लिहिते! कुठूनतरी उतरवलंय. सरकारला दाखवायला बरं, तुम्ही तिचे नोकर नाही म्हणून. वाचलं असतं तर लिहिलं नसतं."

"आणि मी सही केली."

"केलीस की. तू तिच्याहून मूर्ख. तिला निदान त्यातून पैसे मिळाले."

 एक बेडलिंग्टन येऊन ग्लेनिसच्या बँडेजचा वास घेऊन गेला. मग ती म्हणाली, "हेस्टर, तुझी कात्री अजून चालते?"

"झोपेतसुद्धा चालते. का?"

"तू लायक बाई आहेस ना?"

टाके सुटल्यावरच्या पहिल्या सोमवारी स्वतंत्र व्यावसायिक ग्लेनिस ऑर्मरॉड सकाळी दहा वाजता दुकानात पोचली. अंगात जांभळा गणवेश नव्हता, स्वतःचा जुना तपकिरी ॲप्रन होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने सकाळी बसून अंडं खाल्लं होतं. टॅम्सिन पुढच्या टेबलामागे उभी होती.

"बैठक झाली," टॅम्सिन म्हणाली.

"कशी झाली?"

"ग्लेनिस, साडेआठला यायचं असतं."

"तुला यायचं असतं. दुकान तुझं आहे. मी कलम चारप्रमाणे आले."

टॅम्सिन हसली. समजूतदार, कपाळाला आठी न पाडता केलेलं हसू. "तुझ्या मनावर ताण आलाय. मी समजू शकते."

"छान," ग्लेनिस म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिने चार कुत्रे केले, सातांऐवजी. चौथ्याच्या मालकाला तिने दारातच सांगितलं, याचा गुंता सोडवणार नाही, भादरून हवा तर देते. मालक "बरं" म्हणाला. इतकं सोपं होतं ते. बर्निस ड्रायर बंद करून तोंड उघडं ठेवून बघत राहिली.

"तू असं का करतेयस?" तिने कुजबुजत विचारलं.

"माझा धंदा आहे. मला वाटेल तसा करते. तुझाही आहे म्हणतात."

"अगं पण टॅम्सिन चिडेल ना."

"गिऱ्हाईक चिडलं तर धंदेवाल्याने घाबरावं. टॅम्सिन तुझं गिऱ्हाईक आहे का?"

बर्निसने विचार केला. विचार करताना तिचे ओठ हलत. "बरोबर आहे," ती म्हणाली आणि ड्रायर पुन्हा सुरू केला.

मंगळवारी ग्लेनिस हेस्टरला घेऊन आली. हेस्टरने कोट काढला, कात्र्यांचं चामडी पुडकं टेबलावर उलगडलं आणि भिंतीवरचं एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना तिने आवाजात कसलाही चढउतार आणला नाही, म्हणून ते जास्तच वाईट वाटलं.

"या कोण?" टॅम्सिनने विचारलं.

"ही हेस्टर क्रॅग. आज माझ्या जागी. मला पोहायला जायचंय."

"तुझ्या जागी?"

"कलम सात," हेस्टर म्हणाली. "मी लायक आहे. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून. पहिला कुत्रा कुठाय?"

"तुम्ही कृपा करून बाहेर जा," टॅम्सिन म्हणाली. मानेवर लाल डाग उमटू लागले होते. "ग्लेनिस, हे चालणार नाही. कोणीही उठून येईल आणि माझ्या ग्राहकांच्या कुत्र्यांना हात लावेल?"

"कागदावर तू तेच लिहिलंयस."

"कागदाचं सोड! तू माझ्याकडे काम करतेस!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक पग होता आणि बर्निस होती. सगळे ऐकत होते.

"मी? नाही गं," ग्लेनिस म्हणाली. "मी तुझ्याकडे काम करत असते तर हात फाटला तेव्हा तू तीन आठवडे पैसे दिले असतेस. मी माझ्याकडे काम करते. विचार बर्निसला."

बर्निसने पगकडे पाहिलं. पगने काही मत दिलं नाही.

दोघी बाहेर पडल्या. ग्लेनिस खरोखरच पोहायला गेली. पाणी गार होतं आणि हात झोंबत होता, तरी तिने आठ फेऱ्या मारल्या. बाहेर येऊन फोन पाहिला तर निरोप आलेला होता. या वेळी बदाम नव्हते. उद्या साडेआठला, गणवेशात, स्वतः यायचं. माझ्या दुकानात कोण, कधी, काय काम करणार हे मी ठरवते, तू नाही. जमणार नसेल तर परत येऊ नकोस.

बुधवारी ती दहा वाजता गेली. दाराच्या कुलुपाचा आकडा बदललेला होता. थोड्या वेळाने बर्निसने दार फटभर उघडून तिच्या कात्र्या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर दिल्या आणि दार लावून घेतलं. त्या कात्र्यांतली एक साडेतीनशे पाउंडांची होती. ती पिशवीत इतरांवर आपटून तिचं टोक गेलं होतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर फुकट सल्ला देणारं एक कार्यालय होतं. तिथल्या निवृत्त युनियनवाल्या माणसाने करार वाचला, मग फोनवरचा निरोप वाचला, मग चष्मा पुसून निरोप पुन्हा वाचला. "बाई," तो म्हणाला, "हे त्यांनी स्वतः लिहून पाठवलंय? कोणी कान पिळलेला नसताना?" तीन महिन्यांच्या आत दावा गुदरायचा असतो, असं त्याने सांगितलं आणि तिथेच फॉर्म भरायला बसवलं.

सुनावणी नोव्हेंबरात मँचेस्टरला झाली. कामगार न्यायाधिकरण म्हणजे ग्लेनिसच्या मनात काहीतरी मोठं होतं. ते निघालं दातांच्या दवाखान्यासारखं. करडा गालिचा, पाण्याचा जार, आणि टेबलामागे एक बारीक, सर्दी झालेली न्यायाधीशबाई. टॅम्सिन पांढऱ्या जाकिटात आली होती, बरोबर वकील. तिने साक्षीत 'कुटुंब' हा शब्द अकरा वेळा वापरला. ग्लेनिसने मोजले, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"कलम सातप्रमाणे दावेदार आपल्या जागी दुसरी व्यक्ती पाठवू शकत होत्या?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो, अगदी. पूर्ण स्वातंत्र्य होतं."

"नऊ वर्षांत तसं कधी झालं?"

"एकदा."

"मग काय झालं?"

टॅम्सिन घुटमळली. "मी त्या बाईंना परत पाठवलं. अहो, कोणीही कसं चालेल? ग्राहकांचा ग्लेनिसवर विश्वास होता."

"म्हणजे काम दावेदारांनीच करायला हवं होतं."

"अर्थातच!" टॅम्सिन म्हणाली. शेजारी तिच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

मग बर्निस आली. तिला टॅम्सिनने आणलं होतं, स्वतंत्र असण्यात किती सुख आहे ते सांगायला. ती पाठ करून आली होती आणि पाठ केलेलं तिने न चुकता म्हटलं: मला लवचीकपणा आवडतो, मी माझी मालकीण आहे. बोलताना तिने ग्लेनिसकडे एकदाही पाहिलं नाही. ग्लेनिस मात्र तिच्याकडे बघत होती. टॅम्सिनचं ढोंग तिला कधी खुपलं नव्हतं, ते गाढवाच्या ओरडण्याइतकं साधं होतं. ही बाई मात्र नऊ वर्षं शेजारच्या टेबलावर उभी होती. दोघींनी एकमेकींच्या पाठी दाबल्या होत्या.

न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं. "मिसेस हॉगार्थ, तुम्हाला सुट्टी हवी असेल तर काय करता?"

"टॅम्सिनला विचारते."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"मग नाही जात," बर्निस म्हणाली. अगदी सरळपणे, दिवसाचा वार सांगावा तशी.

"मागच्या वेळी कधी नाही म्हणाल्या?"

"माझ्या मुलाच्या ऑपरेशनला." तिने पटकन पुढे जोडलं, "पण गर्दी होती ना दुकानात, ईस्टरची. बरोबरच होतं त्यांचं."

न्यायाधीशबाईंनी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. बर्निसला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून ती टॅम्सिनकडे पाहून हसली. ग्लेनिसला त्या क्षणी तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच क्षणी तिला हाताला धरून त्या खुर्चीवरून उठवावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. जारमधलं पाणी प्यायली.

निकाल जानेवारीत टपालाने आला. पानं एकोणीस, सारांश एका ओळीचा: दावेदार नोकर होत्या, पहिल्या दिवसापासून, करारातलं स्वातंत्र्य फक्त कागदावरचं होतं. कामावरून काढणं बेकायदेशीर. सुट्ट्यांचे आणि आजारपणाचे पैसे द्यावे लागतील. हेस्टरने ती पानं बेडलिंग्टनांना मोठ्याने वाचून दाखवली. टॅम्सिनने आपल्या दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर सूर्यास्ताचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, की आयुष्यात काही माणसं आपल्याला धडा शिकवायला येतात आणि आपण त्यांना प्रेमाने जाऊ द्यायचं असतं. त्याला दोनशे जणांनी बदाम दिले. त्यात मिसेस लॅथम होत्या.

मार्चमध्ये बर्निस सुपरमार्केटात भेटली, गोठवलेल्या वाटाण्यांपाशी. पळून जायला जागा नव्हती.

"आम्हाला नवीन कागद दिलाय," ती म्हणाली. "आता आम्ही सहयोगी भागीदार. मी आणि एक नवीन मुलगी."

"भागीदार. नफ्यात?"

"नाही गं. मनाने."

"वेळ काय?"

"साडेआठ." बर्निसने वाटाण्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी सही केली. काय करणार? मुलं आहेत. तू रागावलीस ना माझ्यावर?"

ग्लेनिसकडे उत्तर तयार होतं. चांगलं होतं, धारदार होतं, गेले चार महिने तिने ते घासूनपुसून ठेवलं होतं. समोर बर्निसचं नाक थंडीने लाल झालं होतं आणि ती खरोखरच उत्तराची वाट बघत होती.

"वाचनालयाच्या वर एक माणूस बसतो," ग्लेनिस म्हणाली. "गुरुवारी. कागद घेऊन जा."

"बरोबर आहे," बर्निस म्हणाली. ती जाणार नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

ग्लेनिसने गावाबाहेरच्या एका श्वानगृहात नोकरी धरली. मालक नॉर्मन डकवर्थ, कंजूष आणि कंटाळवाणा; दिवसभरात तो चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली तीन नळ बंद करण्याबद्दल असायची. तासाप्रमाणे ठरलेला पगार, महिनाअखेर छापील चिठ्ठी. भिंती पांढऱ्या होत्या, त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ग्लेनिसला नॉर्मनबद्दलही फारसा आदर वाटला नाही. पण जूनमध्ये तो नळ तपासता तपासता म्हणाला, "तुमची सुट्टी साठलीय. घेऊन टाका, नाहीतर ऑफिसातली बाई माझं डोकं खाते."

ती बहिणीकडे, ॲव्हरिलकडे, वेल्सला गेली. ॲव्हरिलची समुद्राकाठी फिरती खोली होती, चाकांवरची, एका जागी रुतलेली. सहा दिवस पाऊस पडला. सहा दिवस दोघी डॉमिनो खेळल्या आणि ग्लेनिस सतत हरली, कारण ॲव्हरिल लहानपणापासून लबाडी करायची. पाचव्या दिवशी ॲव्हरिल खिडकीची वाफ पुसून वैतागली.

"सगळा आठवडा वाया गेला बघ तुझा. इथे बसून काहीसुद्धा केलं नाहीस."

ग्लेनिसने सोंगट्या पालथ्या केल्या आणि दोन्ही हातांनी पिसायला घेतल्या. उजवा अंगठा अजून पुरता वळत नव्हता.

"पडू दे," ती म्हणाली. "पगार चालू आहे."